‘आवर लवकर’ला इंग्रजीत काय म्हणाल? घाईच्या आणि शिस्तीच्या क्रियापदांचा धागा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

गेली २२ वर्षं मी नाशकात घरच्या घरी इंग्रजीचे वर्ग घेते. सातवी ते दहावीची मुलं असतात. मागच्या आठवड्यात घाई दाखवणाऱ्या शब्दांचा धडा चालू होता. फळ्यावर हरी, रश, हेस्टन, स्पीड अप, एक्सपिडाइट असे पाच शब्द लिहिले आणि समोर मराठी अर्थ लिहायला सांगितले. सगळ्यांनी पाचही शब्दांपुढं ‘घाई करणे’ लिहून टाकलं. एका मुलीनं मात्र पेन खाली ठेवलं. म्हणाली, “मॅडम, आई मला सकाळी ‘घाई कर’ असं कधीच म्हणत नाही. ती ‘आवर’ म्हणते. मग ‘आवर’ कशापुढं लिहू?”

मी म्हटलं, मंगळवारी सांगते. त्या रात्री शब्दकोश काढून बसले ती दीड वाजेपर्यंत.

आधी ‘आवर’बद्दल. आवर म्हणजे पळ नव्हे. पसरलंय ते गोळा कर, हातातलं संपव आणि नीघ, असं तिघं मिळून ते एक क्रियापद आहे. आणि हेच क्रियापद आपण ‘मन आवर’, ‘राग आवर’, ‘अहो, पोराला आवरा जरा’ असंही वापरतो. म्हणजे घाई करायला लावणं आणि ताब्यात ठेवणं, दोन्ही कामं एकाच शब्दाकडं. संस्कृतातल्या आ + वृ पासूनचा हा शब्द, झाकणे, अडवणे या अर्थाचा. आवरण त्यातलंच. अडवणाऱ्या शब्दानंच आपण मुलांना पुढं ढकलतो, हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं. आणि त्याला नेमका इंग्रजी शब्द मला काही सापडला नाही.

मग इंग्रजी शब्दांकडं वळले. फळ्यावर ते पाचही एका रांगेत उभे होते, पण आत डोकावलं तर एकाचं तोंड दुसऱ्याकडं नाही.

‘स्पीड’ हा मुळात वेगाचा शब्दच नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ भरभराट, यश. प्रवासाला निघालेल्या माणसाला ‘गॉडस्पीड’ म्हणायचे ते ‘देव तुला यश देवो’ या अर्थानं, ‘देव तुला पळवो’ या अर्थानं नव्हे. आपल्याकडं निघताना हातावर दही ठेवतात, त्या जातीची ती सदिच्छा. संस्कृतातला स्फाय् धातू, म्हणजे वाढणे, फुगणे, हा याच घराण्यातला. आपण ‘चलनस्फीती’ म्हणतो त्यातली ‘स्फीती’ ती हीच.

‘हेस्ट’ मात्र याच्या अगदी उलट. त्याचं मूळ जर्मन कुळातलं, अर्थ जबरदस्ती, हिंसा. तिथून फ्रेंचमध्ये आणि १३०० च्या सुमारास फ्रेंचमधून इंग्रजीत. आता ‘मोअर हेस्ट, लेस स्पीड’ ही म्हण परत वाचा. शाळेत आम्हाला ‘अति घाई संकटात नेई’ एवढंच सांगितलं होतं. पण शब्दांच्या मुळाशी गेलं तर ती म्हणते, दांडगाई जास्त तिथं बरकत कमी.

‘रश’ फ्रेंचमधून आला, शत्रूला मागं रेटणे या अर्थानं. त्याच्यामागं लॅटिनमधला नकार देण्याचा शब्द आहे. ‘हरी’ त्या मानानं तरुण, १६व्या शतकाच्या शेवटीशेवटी लिखाणात दिसायला लागतो. तो बहुधा आवाजावरून पडलेला, आपल्या ‘भिरभिर’, ‘लगबग’सारखा. त्याच्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही.

राहिला ‘एक्सपिडाइट’. तो मला सगळ्यांत आवडला, पण त्यावर इथल्या कारखान्यातल्या मंडळींनी लिहावं असं वाटतं, कारण तो शब्द रोज वापरणारे तुम्ही.

आणि शिस्तीचे शब्द अजून काढलेच नाहीत. डिसिप्लिन, पनिश, स्कोल्ड, ट्रेन, ड्रिल. ज्यांना जे ठाऊक असेल ते लिहा. मंगळवारी मला वर्गात उभं राहायचंय.

अंबडकर

ताई, तुम्ही हाक मारलीत म्हणून लिहितो. मी अंबड एमआयडीसीत खरेदी खात्यात आहे. आमच्याकडं ‘एक्सपिडायटिंग’ हे कामाचंच नाव आहे. ऑर्डर दिली म्हणजे माल येतो असं होत नाही. कास्टिंग कुठं अडकलं, हीट ट्रीटमेंटला गेलं का, गाडी भरली का, याचा पाठपुरावा करणं हे ते काम. दिवसाला दहा मेल जातात, ‘काइंडली एक्सपिडाइट’.

एक्स म्हणजे बाहेर, पेस म्हणजे पाय. अडकलेला पाय मोकळा करणे. याचा जुळा भाऊ म्हणजे ‘इम्पीड’, पाय अडकवणे. आणि यासाठी मराठीत तयार शब्द आहे, पायबंद! घोड्याच्या मागच्या पायांना बांधायची दोरी ती. आपण आज ‘गुन्हेगारीला पायबंद’ म्हणतो तेव्हा घोडा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. म्हणजे इम्पीड म्हणजे पायबंद घालणे आणि एक्सपिडाइट म्हणजे पायबंद सोडणे.

हे कळल्यापासून माझ्या कामाकडं बघायची नजर बदलली, अगदी मनापासून सांगतो. आधी मी सप्लायरला फोन करून नुसता ‘लवकर द्या, लवकर द्या’ म्हणायचो. आता पहिला प्रश्न, “अडलंय कुठं?” मागच्या महिन्यात एका छोट्या वर्कशॉपचा माल आठ दिवस रखडला होता. विचारल्यावर कळलं की आमच्याच ड्रॉइंगवर एक माप वाचता येत नव्हतं आणि तो माणूस विचारायला संकोचत होता. माप कळवलं, तिसऱ्या दिवशी माल गेटवर. दोर आमच्याच हातात होता.

सिन्नरची_सून

वा! पायबंद वाचून अंगावर काटा आला. वाचतेय, लिहीत राहा.

भाऊसाहेब_पंचवटी

धागा उत्तम. एक भर घालतो. हेस्टन हा शब्द आपल्या ‘हस्त’वरून असणार. हात चालव, हात उचल म्हणतो ना आपण? हस्त, हेस्ट. बहुतेक युरोपीय शब्द संस्कृतातूनच गेलेत.

गोदाकाठ

भाऊसाहेब, ‘हात चालव’ची आठवण फार छान काढलीत, ती वहीत घेते. पण हस्त आणि हेस्ट यांचं नातं नाही. नुसत्या आवाजाच्या साम्यावर विसंबलं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच भाषेत आहे. ‘जलद’ घ्या. संस्कृतात जलद म्हणजे ढग, पाणी देणारा. मराठीत जलद म्हणजे वेगानं. एखाद्याला वाटेल, ढग वेगानं पळतात म्हणून अर्थ बदलला. तसं नाही. आपला वेगाचा जलद फारसीतल्या ‘जल्द’वरून आला, जल्दीचा सख्खा भाऊ. दोन वेगळ्या घरचे शब्द, योगायोगानं सारखे दिसणारे.

आणि संस्कृतातून गेले असं नाही, संस्कृत, लॅटिन, जुनी इंग्रजी ही एका आजीची नातवंडं. म्हणून आपल्याकडं मावसभाऊ सापडतात. खरा मावसभाऊ सांगते, ‘क्विक’. जुन्या इंग्रजीत क्विक म्हणजे जिवंत. वेगाचा अर्थ मागाहून आला. पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात ते जिवंत चांदी या अर्थानं. नखाखालच्या हुळहुळत्या मांसाला अजून ‘क्विक’ म्हणतात. आणि आपला ‘जीव’ हा त्याचा रक्ताचा नातेवाईक. ‘क्विकन’ म्हणजे मुळात जीव आणणे. ‘जिवाच्या आकांतानं पळाला’ म्हणतो तेव्हा आपण ते नातंच बोलत असतो.

भाऊसाहेब_पंचवटी

मान्य, दुरुस्ती घेतली. जीव आणि क्विक हे मला कुणी ६८ वर्षांत सांगितलं नव्हतं. आभार.

मांडव_दिंडोरी

ताई, ‘ट्रेन’ माझ्याकडं द्या. आमची द्राक्षबाग आहे, दिंडोरी तालुक्यात.

ट्रेन म्हणजे मुळात ओढणे, फरफटवणे. म्हणून डबे ओढते ती ट्रेन, नवरीच्या झग्याचा मागं लोळणारा घोळ तोही ट्रेन. पण माणसाला ‘ट्रेन करणे’ हा अर्थ थेट ओढण्यातून आला नाही, मध्ये बागाईत आहे. वेलाला, फांदीला हव्या त्या दिशेनं नेणे याला इंग्रजीत ट्रेन म्हणायला लागले आणि तिथून तो शब्द मुलांवर, शिपायांवर गेला.

आता आमच्याकडं या. नवीन बाग लावली की रोपाचा एकच जोमदार फुटवा ठेवायचा, बाकी काढायचे. त्याच्या शेजारी बांबू रोवायचा आणि दर वीतभर वाढला की सुतळीनं बांधायचा. सुतळी कशी बांधायची हे माझ्या वडिलांनी मला बोट धरून शिकवलं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फास, एक फेरा बांबूला घट्ट, दुसरा वेलीला सैल. वेलीच्या आणि सुतळीच्या मध्ये करंगळी गेली पाहिजे. घट्ट बांधली तर खोड जाड होताना सुतळी सालीत रुतते, पुढं तिथूनच वाऱ्यानं मोडते. बांधलीच नाही तर वेल जमिनीवर लोळते आणि कुजते. तारेपर्यंत पोहोचली की शेंडा खुडायचा, मग दोन बाजूंना दोन फुटी घेऊन त्यांचे ओलांडे, म्हणजे तारेवरच्या कायमच्या आडव्या फांद्या, करायचे. ओलांडा एकदा ज्या दिशेला गेला त्या दिशेला बागेचं सगळं आयुष्य जातं.

याला आम्ही ‘वळण देणं’ म्हणतो. आणि घरात आई म्हणते ‘पोराला वळण लावा’. इंग्रजांनी जो शब्द वेलीवरून उचलला, तोच आपणही तिथूनच उचललेला दिसतो. निदान आमच्या घरात तरी दोन्हीकडं एकच शब्द आहे.

अजून एक. एप्रिलात आम्ही खरड छाटणी करतो. ओलांड्यावर जेमतेम एखाददुसरा डोळा ठेवून बाकी काडी काढून टाकायची. बाग उघडीबोडकी दिसते, बघवत नाही. ‘खरडपट्टी काढणे’ मधली खरड आणि ही खरड एकच, खरवडणे. पण खरड छाटणीनंतर पाणी द्यावं लागतं, खत द्यावं लागतं, फूट विरळ करावी लागते, तेव्हा ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला माल धरायच्या काड्या तयार असतात. माणसांची खरडपट्टी काढणारे तेवढीच करतात आणि पुढचं पाणी विसरतात.

रेणू_कॉलेजरोड

मांडव, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. करंगळीचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

मला जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे. मी लहानपणी ज्या शाळेत होते तिथं एका बाईंकडं छोटी पट्टी असायची. पाढा चुकला की हाताची बोटं जुळवून वर धरायला लावायच्या आणि बोटांच्या टोकांवर पट्टी. सतराचा पाढा मी आजही म्हणायला लागले की एकशे दोनला अडखळते. सतरा सख एकशे दोन. मला तो येतो, पण तिथं बोटं आखडतात. मी ४४ वर्षांची आहे.

म्हणून मला शब्दाचा राग होता, ‘शिक्षा’ या शब्दाचा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडं शिक्षा म्हणजे मार, असं का, हा प्रश्न मला कायम पडायचा. ताई, इंग्रजीतही असं झालंय का?

गोदाकाठ

रेणू, हो. हुबेहूब असंच झालंय. आणि तुमच्या सतराच्या पाढ्याबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

आधी आपला शब्द. संस्कृतात शिक्षा हे शक् धातूचं इच्छार्थक रूप. शक् म्हणजे शकणे, जमणे. तेव्हा शिक्षा म्हणजे ‘जमावं अशी इच्छा’. किती सुंदर अर्थ आहे! शिक्षण, शिक्षक यांच्यात तो टिकला. मराठीत ‘शिक्षा’ मात्र एकटीच दंडाकडं गेली. एकाच वर्गात शिक्षक, शिक्षण आणि शिक्षा, तिघं एका आईची लेकरं, आणि मुलं घाबरतात ती तिसरीला.

आता ‘डिसिप्लिन’. लॅटिनमध्ये डिस्केरे म्हणजे शिकणे, त्यावरून डिसायपल म्हणजे शिकणारा, आणि डिसिप्लिन म्हणजे शिकणाऱ्याला मिळतं ते, म्हणजे शिकवण. पुढं मध्ययुगातल्या मठांत तो शब्द अंगावर फटके मारून घेण्याला लागला. इतका, की ज्या चाबकानं संन्यासी स्वतःला मारून घेत त्या चाबकाचंच नाव ‘डिसिप्लिन’ पडलं. शिकवण ते चाबूक. दोन भाषा, एवढं अंतर, आणि घसरण सारखीच.

आपल्या शास् धातूतही हे दिसतं. त्याच्यातून शिष्य, शास्त्र आणि शासन, तिन्ही निघाले. शिकवणं, आज्ञा देणं आणि दंड करणं एकाच मुठीत.

‘शिस्त’ मात्र वेगळ्या वाटेनं आली. ती फारसी आहे आणि तिचा अर्थ नेम. जुन्या मराठीत बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. नेमावरून सरळ रेषा, रेषेवरून रांग, रांगेवरून नीटनेटकेपणा. तिच्यात मार कुठंच नाही. डोळा, हात आणि लक्ष्य एका ओळीत आणणं, एवढंच. मला विचाराल तर जगात कुठल्याही भाषेत यापेक्षा चांगला शब्द या कामाला नसेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घातली, तेव्हा खरं तर शिस्तीला तिचा जुना अर्थ परत मिळायला हवा होता.

रेणू_कॉलेजरोड

‘जमावं अशी इच्छा.’ आज मुलीला सतराचा पाढा मी शिकवणार आहे. बघू.

निवृत्त_तोफखाना

देवळाली कॅम्पातून लिहितो आहे. नोकरी तोफखान्यात झाली, त्यामुळे ‘ड्रिल’वर माझा हक्क.

ड्रिल मूळ डच. अर्थ भोक पाडणे, गोल फिरवणे. शिपायांना वळवणे, फिरवणे, पुन्हा पुन्हा त्याच हालचाली करून घेणे, म्हणून कवायतीला ड्रिल. सुताराचं ड्रिल आणि परेडचं ड्रिल एकच. वर दिंडोरीवाल्यांनी ‘वळण’ लिहिलं, तेव्हा मला हे आठवलं. तोफेच्या ड्रिलमध्ये प्रत्येक जवानाचा क्रमांक आणि काम ठरलेलं असतं. आरडाओरडा करून तोफ लवकर चालत नाही. प्रत्येकाचा हात आपल्या जागी वळला की ती आपोआप लवकर चालते. बाहेरच्या माणसाला ती घाई वाटते, आत कुणालाच घाई नसते.

आता आमच्या गावाची गोष्ट. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात, ते आपलं देवळाली. इंग्रज शिपायांची मुदत संपली की त्यांना इथल्या छावणीत आणून ठेवत. सैन्याची जहाजं फक्त थंडीच्या मोसमात सुटायची. ज्याची मुदत मोसम संपल्यावर संपली तो उन्हाळा-पावसाळा इथंच बसून. काम नाही, कवायत नाही, उकाडा, मलेरिया, दारू. माणसं भ्रमिष्ट व्हायची. पूर्ण शब्द ‘डूलॅली टॅप’, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. घाईचे शब्द इंग्रजीत शेकड्यांनी आहेत, पण रखडण्यानं वेड लागतं यासाठी त्यांना आमच्या गावाचं नाव घ्यावं लागलं.

त्याच शिपायांनी आपली ‘जल्दी’ही उचलली, ‘जिल्डी’ म्हणून. आणि ‘मारो’चं ‘मॅरो’ केलं. रुडयार्ड किपलिंगच्या १८९० सालच्या एका कवितेत गोरा शिपाई पाणी देणाऱ्या भिश्त्याला एका दमात सांगतो, जुलदी कर, नाहीतर मॅरो करीन. घाई आणि मार, दोन्ही क्रियापदं आपल्याकडून घेऊन आपल्याच माणसावर चालवलेली. मला ते वाचताना दर वेळी त्रास होतो.

तन्मय_सातपूर

काकांच्या प्रतिसादानंतर माझं छोटंसंच. आमच्या आयटीच्या पिढीचा शब्द ‘हसल’. रात्रंदिवस हसल करा. हा पण डच, अर्थ हलवणे, खुळखुळवणे. टोपीत नाणी टाकून खुळखुळवायची, असा जुगार होता. मग धक्काबुक्की करणे, मग घाईनं पुढं ढकलणे, मग फसवून पैसे काढणे. आता मेहनतीचा शब्द म्हणून टी-शर्टवर छापतात. टोपीतल्या नाण्याला कुणी विचारत नाही तुला कुठं जायचंय.

टाकेद_इगतपुरी

आमचा भाताचा तालुका. इंग्रजीतलं ‘थ्रॅश’ म्हणजे बडवणे आणि ‘थ्रेश’ म्हणजे मळणी, हा एकच शब्द आहे, नुसता उच्चार फुटला. आमच्याकडं तर उच्चारही फुटला नाही. भात झोडतात, पोरालाही झोडतात. खळ्यावर पेंढी डोक्यावरून घेऊन फळीवर आपटायची, दाणा खाली पडतो, पेंढा हातात राहतो. पेंढीला चार-पाच झटके पुरतात. जास्त मारलं तर पेंढ्याचा चुरा होतो आणि दाण्यात मिसळतो, मग पाखडताना जीव जातो.

हाणणे हाही तसाच. बैल हाणला, गाडी हाणली, पोराला हाणलं. मारणं आणि पळवणं एकाच शब्दात.

अंबडकर

मग ताईंचा मूळ प्रश्न उलटा झाला ना? घाई आणि शिस्त एकाच शब्दात असणारा ‘आवर’ एकटा नाही. ‘हाणणे’ पण आहे. फक्त एक हातानं अडवतो आणि दुसरा हातानं मारतो.

सावाना_वाचक

गेले दोन दिवस धागा वाचतो आहे. हा प्रश्न घेऊन काल सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. १८४० पासूनची संस्था, तिथं जुने कोश चाळायला बसलं की वेळेचं भान राहत नाही. अंबडकरांनी म्हटलंय ते अजून एका शब्दात दिसतं. तो शब्द म्हणजे ‘चाबूक’.

फारसीत चाबुक म्हणजे चपळ, चलाख. वेगाचं विशेषण. त्यावरून घोड्याला चपळ करणारं साधन, तो चाबूक. म्हणजे हत्याराचं नावच ‘लवकर’ असं आहे. आपल्याकडून तो कंपनीच्या इंग्रजांनी घेतला आणि त्याचं क्रियापद केलं, ‘चॉबक’, फटके मारणे. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन कोशात तो नाम आणि क्रियापद दोन्ही म्हणून नोंदलेला आहे. तोच शब्द मलायातून फिरत दक्षिण आफ्रिकेत पोहोचला आणि गेंड्याच्या कातड्याच्या चाबकाचं नाव झाला, ‘शाम्बॉक’. त्याचंही इंग्रजीत क्रियापद आहे. चपळाईचा शब्द अर्ध्या जगाच्या पाठीवर वळ उठवत गेला.

दुसरं, ‘कॅस्टिगेट’ आणि ‘चेस्टाइज’. दोन्ही लॅटिन कास्टिगारेवरून. कास्टस म्हणजे शुद्ध आणि आगेरे म्हणजे हाकणे. शुद्धतेकडं हाकत नेणे. हा आगेरे म्हणजे संस्कृतातल्या अज् धातूचा भाऊ. अज् म्हणजे हाकणे. बैल हाकायच्या पराणीला संस्कृतात ‘प्राजन’ म्हणतात, त्यात तोच अज् आहे. म्हणजे इंग्रजी साहेब कॅस्टिगेट करतो तेव्हा त्याच्या हातात, शब्दाच्या हिशेबानं, आपल्या शेतकऱ्याचीच पराणी असते.

आणि ‘एग ऑन’ म्हणजे चिथावणे, यात अंडं नाही. जुन्या नॉर्स भाषेत एग म्हणजे धार, इंग्रजीतला ‘एज’. धारेनं टोचणे. पुन्हा पराणीच.

मांडव_दिंडोरी

पराणी! आमच्या आजोबांची अजून माळ्यावर आहे. साडेतीन-चार हात लांब वेळूची काठी, टोकाला लोखंडी आर. आजोबा आर बैलाला टोचायचे नाहीत. काठी उलटी धरून नुसती पाठीवर टेकवायचे आणि जिभेनं टक् टक् करायचे. आर कशाला मग, विचारलं तर म्हणाले, नांगराच्या फाळाला चिकटलेली माती काढायला.

सिन्नरची_सून

मी नुसती वाचत होते, पण आता राहवत नाही. ताई, तुम्ही म्हणालात ‘आवर’ला इंग्रजी शब्द सापडला नाही. ‘रॅप अप’ चालेल का? रॅप म्हणजे गुंडाळणे, झाकणे. ‘रॅप इट अप’ म्हणजे काम संपवा, आटोपतं घ्या. तुमचं आ + वृ, आवरण, तेही झाकणंच. निदान अर्ध्या रस्त्यापर्यंत दोघं बरोबर येतात.

गोदाकाठ

सिन्नरकर, मी २२ वर्षं हा शब्द शिकवतेय आणि हे मला दिसलं नाही. तुम्ही अचूक पकडलंत. आवरण आणि रॅप यांचं रक्ताचं नातं मी जोडणार नाही, पण वागणं तंतोतंत सारखं आहे. राग आवरण्यापाशी मात्र रॅप अप थांबतं. तिथं ‘चेक’, ‘कर्ब’ असे रोखून धरण्याचे शब्द घ्यावे लागतील. कर्ब म्हणजे घोड्याच्या लगामातली हनुवटीखालची साखळी. म्हणजे आपल्याकडं बैलाची वेसण, तिकडं घोड्याची कर्ब.

आज मंगळवार. वर्ग आत्ता संपला.

फळ्यावर पाच शब्दांच्या जागी पंधरा झाले होते. पायबंद सांगायला मी एका मुलाच्या दोन्ही पायांत ओढणी सैलसर बांधली आणि दारापर्यंत चालायला सांगितलं, मग सोडली आणि परत चालायला सांगितलं. ‘एक्सपिडाइट’चं स्पेलिंग कुणी विसरेल असं वाटत नाही. करंगळीचं सगळ्यांनी आपापल्या मनगटावर रबरबँड घालून करून पाहिलं. शिक्षा म्हणजे ‘जमावं अशी इच्छा’ हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सहसा बोलत नाही, त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं.

आणि त्या मुलीच्या वहीत ‘आवर’पुढं आम्ही दोन रकाने केले. पहिल्यात रॅप अप लिहिलं. दुसऱ्यात चेक. मधली रेघ तिनं पुसून टाकली, म्हणाली, “आई दोन्ही एकदमच म्हणते.”

रेणू_कॉलेजरोड

ताई, सतरा सख एकशे दोन. मुलीनं एका दमात म्हटला. मी तिच्याबरोबर म्हणत होते, कुठं अडखळले नाही.

टाकेद_इगतपुरी

माझी आजी ‘आवर’ म्हणायची नाही. ती ‘उरक’ म्हणायची. पहाटे चुलीपाशी बसून, “उरका गं बायांनो, उरका.” त्याचं काय?

गोदाकाठ

‘उरक’ लिहून घेतला. ‘तिला कामाचा उरक आहे’ हे वाक्य मी मुलांना गुरुवारी इंग्रजीत करायला देते.